अकरा मारुती आणि तीन मुक्काम

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

यात्रेहून परतलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न काय विचारतो? "काय काय झालं?" आणि तोही बोटं मोडत सांगतो, "गाणगापूर झालं, अक्कलकोट झालं, येताना पंढरपूर झालं, तुळजापूर तेवढं राहिलं." वाचकहो, हा 'झालं' शब्द मला अलीकडे फार विचारात पाडतो. जेवण झालं, दाढी झाली, लाईटचं बिल भरून झालं, तसंच गाणगापूर झालं! जे काम हातावेगळं करायचं असतं त्याला आपण 'झालं' म्हणतो. मग देवस्थान हे हातावेगळं करायचं काम आहे काय? यात्रा मोजायची ती किती ठिकाणी पोहोचलो यावरून, की कुठे किती राहिलो यावरून?

हा प्रश्न मला नुसता बसल्या बसल्या पडलेला नाही. येत्या पौषात सौ. आणि मी आपल्याच सातारा-सांगली भागातील जुन्या मठांची यात्रा करायचं ठरवत आहोत. पौषच का, तर लग्नकार्यांची आमंत्रणं नसतात आणि ऊन सोसवतं. मी राहतो सांगलीत. नोकरीच्या काळात या दोन जिल्ह्यांतून पुष्कळदा गेलो, पण ते एसटीच्या खिडकीतून. निवृत्तीनंतर नकाशा घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं, की केवढी ठेव आपल्या दाराशी आहे! कृष्णाकाठी औदुंबर, जिथे श्री नृसिंह सरस्वती महाराजांनी चातुर्मास केला. कृष्णा-येरळेच्या संगमाजवळ ब्रह्मनाळ, आनंदमूर्तींचं स्थान. खटाव भागात वडगाव, जयरामस्वामींचं. कोरेगावकडे निगडी, रंगनाथस्वामींची. दासपंचायतन म्हणून ज्या पाच सत्पुरुषांना आपण वंदन करतो, त्यांतले भागानगरचे केशवस्वामी सोडले तर बाकीचे चौघे या दोनच जिल्ह्यांतले. चौथे अर्थातच चाफळ-सज्जनगडचे समर्थ. मिरजेत वेणाबाईंचा मठ. बालपणीच वैधव्य आलेल्या मुलीला ज्या काळात घराबाहेर तोंड उघडण्याची सोय नव्हती, त्या काळात समर्थांनी तिला कीर्तनाला उभं केलं आणि मठ सोपवला. माण तालुक्यात गोंदवले. आणि शिवाय समर्थस्थापित अकरा मारुती. त्यांतले चाफळचे दोन, माजगाव, शिंगणवाडी, उंब्रज, मसूर आणि शहापूर असे सात साताऱ्यात, बहे-बोरगाव आणि शिराळा हे दोन सांगलीत, मनपाडळे आणि पारगाव हे दोन कोल्हापुरात.

अकरा मारुती आजकाल एका दिवसातसुद्धा होतात. पहाटे चारला गाडी काढायची, रात्री दहाला घरी. आमचे एक नातेवाईक असे जाऊन आले. त्यांनी प्रत्येक ठिकाणचा फोटो वेळेसकट मला दाखवला. त्यांची मी मुळीच थट्टा करत नाही. ज्याला आठवड्यात एकच रविवार मोकळा आहे, ज्याच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्याने एका दिवसात जे दर्शन घेतलं ते कमी प्रतीचं, असं म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिला? प्रश्न आहे तो माझ्यासारख्याचा, ज्याच्याकडे वेळ आहे आणि तरीही जो घाई करतो.

पण घाईच्या बाजूनेही एक बळकट मुद्दा आहे आणि तो सौ. ने मांडला. मी म्हटलं, "आपण सावकाश जाऊ. एकेका ठिकाणी दोन-दोन रात्री राहू." ती म्हणाली, "अहो, सावकाश जायला वर्षं किती आहेत आपल्या हातात? माझे गुडघे हे असे. तुम्ही एका वर्षी तीन ठिकाणं करणार, मग अकरा कधी व्हायची? आईनं सांगितलं होतं, अकरा मारुती एकदा बघून ये म्हणून." यावर मी गप्प बसलो. साठी उलटलेल्या माणसाची घाई ही नुसती हाव नसते. दिवस थोडे उरल्याची ती जाणीव असते. अंधार पडायच्या आत घर गाठावं, तसं पाय चालताहेत तोवर देव गाठावेत, असं कुणाला वाटलं तर त्यात वावगं काय?

या प्रश्नाचं उत्तर मी आपल्या दत्तमहाराजांच्याच चरित्रात शोधू लागलो, तर तिथे पहिल्यांदा उलटंच सापडलं. दत्तप्रभू म्हणजे अखंड संचारी. रोजचं स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला, निद्रा माहूरला, अशी परंपरेची श्रद्धा आहे. मुक्कामाचं नाव नाही! एका दिवसात अकरा मारुती करणाऱ्यालाही इतकी चपळाई जमणार नाही. पण थोडा विचार केल्यावर मला त्यातलं मर्म कळलं असं वाटतं. महाराजांना आपण 'स्मर्तृगामी' म्हणतो. स्मरण करताच ते येतात. म्हणजे भक्त आणि देव यांतलं अंतर तोडण्याचं काम देवाने स्वतःकडे घेतलं आहे. तो पोहोचतोच. मग 'पोहोचणे' यासाठी मी एवढी धावाधाव का करावी? सांगलीत देवघरासमोर बसून औदुंबरच्या विमल पादुकांचं स्मरण केलं, तर ते पोहोचणं झालंच. तरीही यात्रेला जायचं असेल, तर ते पोहोचण्याखेरीज दुसऱ्या कशासाठी तरी असलं पाहिजे.

ते दुसरं म्हणजे राहणं, असं मला वाटतं. श्री नृसिंह सरस्वतींनी औदुंबरला चार महिने काढले, नरसोबावाडीला परंपरेप्रमाणे बारा वर्षं आणि गाणगापूरला वीसहून अधिक. संन्याशाचा नियम खरं तर याच्या उलट आहे. गावात एक रात्र आणि नगरात पाच रात्री, याहून जास्त राहू नये, नाहीतर जागेचा लोभ जडतो. पण पावसाळ्यात मात्र एका जागी राहिलंच पाहिजे. कारण ओल्या भुईवर असंख्य जीव बाहेर आलेले असतात आणि चालणाऱ्याच्या पायाखाली ते चिरडतात. म्हणजे चालण्यामागे वैराग्य आहे, तर थांबण्यामागे दया. आपल्या परंपरेत दोन्हींना जागा आहे. टेंब्ये स्वामी महाराज आसेतुहिमाचल पायी फिरले, पण चातुर्मास आला की एका ठिकाणी थांबत. वाहनात न बसणाऱ्या त्या महापुरुषाचं फिरणंही आपल्या राहण्यापेक्षा स्थिर होतं.

औदुंबरचीच 'गुरुचरित्रा'तली कथा बघा. करवीरचा तो मतिमंद ब्राह्मणपुत्र. लोकांच्या निंदेने त्रासून तो भिलवडीला भुवनेश्वरीपाशी येतो आणि अन्नपाणी सोडून तीन दिवस तिथेच बसून राहतो. पुढे निराशेच्या भरात त्याने जे केलं ते अनुकरणासाठी नाही, पण देवी त्याला सांगते, पलीकडच्या काठावर औदुंबरातळी जा. नदी ओलांडली आणि महाराजांनी त्याला जवळ घेऊन विद्या दिली. आता यात प्रवास केवढा? या काठावरून त्या काठावर. पण त्याआधी तो तीन दिवस एका जागी बसला होता, हे आपण विसरतो.

आता थोडं माझ्या धंद्याचं बोलतो. आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेलं, कॉमर्सचा पदवीधर, त्यामुळे उपमा तिथलीच सुचते. २०१० च्या एप्रिलपूर्वी बचत खात्यावरचं व्याज कसं निघत असे, हे जुन्या खातेदारांना आठवत असेल. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज. कोणी ५ तारखेला पन्नास हजार भरले आणि २५ तारखेला काढले, तर पासबुकात दोन भारदस्त नोंदी दिसत, पण त्या रकमेवर व्याज शून्य! खातेदार भांडायला येत, "एवढी रक्कम भरली होती की!" त्यांना सांगावं लागे, "काका, भरली होती, पण राहिली नाही." नंतर रोजच्या शिल्लकेवर व्याज सुरू झालं, तरी तत्त्व तेच राहिलं. नोंदींची संख्या व्याज देत नाही. रक्कम किती दिवस राहिली, हे बघितलं जातं. पुष्कळांच्या यात्रेचं पासबुक असंच नोंदींनी भरलेलं असतं.

हा दृष्टांत मी सौ. ला मोठ्या उत्साहाने ऐकवला. ती म्हणाली, "म्हणजे देवाकडेसुद्धा व्याजच मागायला चाललात का?" बोलणं खोचक होतं, पण खरं होतं. घाईने अकरा ठिकाणं करणारा आणि निवांतपणे तीन ठिकाणं करणारा, दोघेही मनात खातं उघडून बसले असतील तर फरक फक्त व्याज काढण्याच्या पद्धतीचा राहतो. 'मी बघा कसा शांतपणे यात्रा करतो', हाही एक फोटोच, फक्त कॅमेरा मनातला. तेव्हा सावकाश जाण्याला पुण्य अधिक, असा माझा दावा नाही. दावा एवढाच, की सावकाश गेल्याशिवाय घर सुटत नाही.

आपण गृहस्थ. वर्षभर घरातच असतो. संन्याशाला जागेचा लोभ जडू नये म्हणून तो हिंडतो. आपला लोभ आधीच जडलेला आहे, म्हणून आपणही चार दिवस बाहेर पडावं, हे ठीकच. पण घाईत निघालो की घर आपल्याबरोबर गाडीत बसतं. गॅस बंद केला का, शेजारच्यांना किल्ली दिली का, सुनेचा फोन आला का. पहिल्या दिवशी फक्त शरीर पोहोचतं. दुसऱ्या दिवशी पहाटे काकड आरतीला उठलो, नदीवर गेलो, दुपारी ओसरीवर करायला काहीच नाही म्हणून कंटाळून बसलो, की त्या कंटाळ्याच्या मागून मन हळूच येतं. तो कंटाळा हीसुद्धा यात्रेतली एक पायरी आहे असं मला वाटतं. एका दिवसात अकरा ठिकाणं करणाऱ्याच्या वाट्याला ती पायरी येतच नाही.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यात गंमत बघा. भ्रमरही गुरू आणि अजगरही गुरू. भ्रमर फुलाफुलावर जातो, अजगर पडल्या जागी राहतो. म्हणजे फिरावं की राहावं, हा वाद अवधूताने घातलाच नाही. भ्रमराकडून त्याने घेतलं ते हे, की फुलाला त्रास न देता थोडंथोडं घ्यावं. आणि अजगराकडून हे, की समोर येईल त्यात समाधान मानावं. प्रवासाची आखणी करताना मला हे दोन गुरू फार उपयोगी पडले. तिसरी ती कुमारिका. घरी पाहुणे आले, भात कांडताना हातातली कांकणं वाजू लागली म्हणून तिने ती उतरवली आणि शेवटी हाताला एकेकच ठेवलं. आमच्या ओळखीची पंधरा-वीस मंडळी मिनीबस करून बरोबर यायला तयार होती. सगळी सज्जन, पण कांकणं फार झाली असती. आम्ही दोघंच जाणार. दोन कांकणांचा आवाज होतोच, पण चाळीस वर्षांत तो कानाला सवयीचा झाला आहे.

राहण्याबरोबर एक जबाबदारी येते, ती धावत्या दर्शनाला येत नाही. मठ म्हणजे लॉज नव्हे. तिथला प्रसाद कुणाच्या तरी शेतातून, कुणाच्या तरी झोळीतून आलेला असतो. पेन्शन घेणाऱ्या माझ्यासारख्याने दोन दिवस पंगतीला बसावं आणि पानावरून उठून हात पुसत निघून जावं, हे भ्रमराचं शिष्यत्व नव्हे. म्हणून आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत. एक, जिथे जेवू तिथे जेवणाच्या खर्चाहून थोडं जास्त दानपेटीत टाकायचं आणि पावतीवर नाव घालायचं नाही. दोन, हाताला जमेल ती सेवा मागून घ्यायची. सौ. तांदूळ निवडेल, मी पत्रावळी उचलीन, आणि कुणी म्हटलं तर जमाखर्चाची बेरीज तपासून देईन. तीन, कुठेही दोन रात्रींपेक्षा जास्त राहायचं नाही. जागा पुढच्यासाठी सोडायची.

राहिल्याने आणखी एक होतं. देवस्थानाच्या भोवती गाव आहे, हे दिसतं. ब्रह्मनाळ हे नाव मठामुळे मला पूर्वीपासून ठाऊक होतं. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात तिथे माणसांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि गावातल्या बायाबापड्या, लेकरं बुडाली, तेव्हापासून ते नाव मी नुसतं मठाचं म्हणून घेऊ शकत नाही. ज्या कृष्णामाईत आपण पुण्याची बुडी मारतो, तिच्याच पुराला ही गावं दर पावसाळ्यात तोंड देतात. औदुंबरलाही पाणी चढलं की देवळात शिरतं. उतरल्यावर गाळ काढणारे हात त्याच गावातले असतात. दहा मिनिटांच्या दर्शनात हे कळण्याचं कारण नाही. संध्याकाळी घाटावर कुणी म्हातारबा शेजारी येऊन बसला आणि भिंतीवरची ओलीची खूण दाखवून म्हणाला, "पाणी हितवर आलं होतं," तर कळतं. थांबण्यामागे दया आहे असं वर म्हटलं, ते गृहस्थाच्या बाबतीत मला असं लागू होतं असं वाटतं. दुसऱ्याचं ऐकून घ्यायला थांबावं लागतं.

तर आमची आखणी अशी. मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी रेल्वेने भिलवडी, तिथून औदुंबर, दोन रात्री. संक्रांतीला तिथे साहित्य संमेलन भरतं. कवी सुधांशू त्याच गावचे. देवाच्या दारी कविता ऐकायला मिळाल्या तर तोही प्रसाद. मधल्या वेळात ब्रह्मनाळला जाऊन यायचं. नंतर एसटीने कराडमार्गे चाफळ, दोन रात्री. तिथे श्रीरामासमोर हात जोडून उभा दास मारुती आणि देवळामागे प्रताप मारुती, हे दोन मारुती पाहिल्यावर दासाने केव्हा हात जोडावेत आणि केव्हा उगारावेत, याचं उत्तर एकाच आवारात मिळतं. ते देऊळ १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर जीर्णोद्धार होऊन उभं आहे. शिंगणवाडी आणि माजगाव जवळच, गुडघ्यांना विचारून जायचं. शेवटी साताऱ्याहून सज्जनगड, दोन रात्री. समर्थ १६७६ मध्ये तिथे राहायला आले आणि तिथेच समाधिस्थ झाले. ज्या श्रीधरस्वामींनी अलीकडच्या काळात गडाची घडी पुन्हा बसवली, त्यांचा जन्म १९०८ च्या दत्तजयंतीचा, हे दत्तभक्तांना मुद्दाम सांगावंसं वाटतं. पायऱ्या आहेत, पण दोन दिवस हातात असले की पायऱ्यांवर बसायला लाज वाटत नाही. ऊसतोडीचा हंगाम असल्याने वाटेत ट्रॅक्टर-ट्रॉल्या आडव्या येणारच. आम्हाला कुठे घाई आहे?

सौ. ने ही यादी दोनदा वाचली. म्हणाली, "अकरा नाही झाले तरी चालतील, पण शिराळा झालंच पाहिजे." शिराळा तिचं माहेर. तेव्हा परतताना शिराळ्यावरून यायचं ठरलं. म्हणजे अकरापैकी पाच. उरलेले सहा?

काशीला गेलेला माणूस आवडती भाजी किंवा फळ तिथे सोडून येतो, ही आपल्याकडची जुनी चाल आहे. माझ्या आजोबांनी फणस सोडला होता आणि घरात गरे आले की ते हसून ताट बाजूला सरकवत. लहानपणी मला कळत नसे, देवाला फणस सोडून देवाला काय मिळालं? आता वाटतं, देवाला नव्हे, आजोबांना मिळालं. एक गोष्ट पुरी न करताही समाधानाने राहता येतं, याचा रोजचा पाठ त्यांना मिळाला. आपल्या वयात भाजी सोडणं सोपं आहे, डॉक्टरांनी निम्मी आधीच सोडायला लावलेली असतात. सोडायला कठीण आहे तो आकडा. अकरा पुरे झालेच पाहिजेत, साडेतीन पीठं झालीच पाहिजेत, यादी कोरी होऊनच डोळे मिटले पाहिजेत, हा आग्रह. उसळ, गोडधोड, आंबट सगळं सुटतं, पण हा सुटत नाही. आणि मृत्यू काही यादी बघून येत नाही. प्रत्येकाचं काही ना काही राहूनच जाणार आहे. ते हिसकावलं जाण्याआधी आपल्या हाताने सोडता आलं, तर त्याला दान म्हणता येईल.

म्हणून उंब्रज, मसूर, शहापूर, बहे-बोरगाव, मनपाडळे आणि पारगाव हे सहा मारुती आम्ही यंदा महाराजांच्या पायाशी ठेवले आहेत. पुढच्या पौषात त्यांनी नेलं तर जाऊ. नाही नेलं, तर ते स्मर्तृगामी आहेतच. आणि कुणी विचारलं "काय काय झालं?" तर सांगू, "झालं काहीच नाही, पण तीन ठिकाणी राहून आलो."

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!